डाळिंबाचा चोर आणि विहीणबाईंचा खण

जुन्नरला जाऊन आले असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, शिवनेरी चढलात का, लेण्याद्रीला गेलात का? मी दोन्ही लांबूनच पाहिली. माझ्या गुडघ्यांचं आणि पायऱ्यांचं जुनं वैर आहे. मी जुन्नर तालुक्यात गेले ती एका पाखराची ओळख पटवायला, आणि हे खरं कारण सांगितलं की विचारणारे जरा मागे सरकतात.

मी रत्नागिरीची. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. पडवीतल्या दिव्यावर येणाऱ्या पतंगांची चित्रं काढायचा मला छंद आहे. म्हणजे आकाशात उडवायचे ते पतंग नव्हेत, दिव्याभोवती गरगरणारी, अंगाला हळदीसारखी भुकटी असलेली पाखरं. दिवा लावून, मागे पांढरं धोतर टांगून मी बसते. शेजारच्या काकूंची पक्की खात्री आहे की मी काहीतरी करणी करते.

पुण्याला डी.एड. करताना माझ्या खोलीत शालन होती. ती लग्न होऊन जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीला गेली. त्या वर्षी ऐन गणपतीत तिचा फोन आला. "मंदे, तुझ्या त्या घाणेरड्या किड्यांचा जन्मात एकदा तरी उपयोग होतोय का बघ. आमच्या डाळिंबांना कोणीतरी भोकं पाडतंय."

कोकणातला माणूस गणपतीत घर सोडत नाही. गौरींबरोबर आमचा गणपती गेला आणि दुसऱ्या दिवशी मीही निघाले.

पिंपळवंडी

आमच्याकडे जमीन डोळ्यांना दिसतच नाही. झाडं, दगडी गडगे, उतार, आणि एकेका फणसावर तीन-तीन चुलतभावांचा दावा. इथे पिंपळवंडीत मात्र बांधावर उभं राहिलं की माणसाची सगळी मालमत्ता एका नजरेत येते. ऊस, कांद्याची रोपं, काठ्यांवर चढवलेले टोमॅटो, आणि शालनच्या घरामागे डाळिंबाची बाग. बहार उशिरा धरलेला, त्यामुळे फळं आत्ता कुठे रंगावर आलेली.

शालनने एक फळ हातात दिलं. वरून लालभडक. एका बाजूला सुईने टोचावं तसं बारीक छिद्र आणि त्याभोवती तपकिरी डाग. अंगठ्याने दाबलं तर आत मऊ, आणि वास आंबलेला.

"आमचे हे म्हणतात, कोणीतरी रात्री येऊन इंजेक्शन मारतंय," शालन म्हणाली.

"कोण?"

"बांधापलीकडचा. नागपंचमीपासून बोलणं बंद केलंय त्याच्याशी."

तिचे 'हे', म्हणजे बबनराव, तेव्हा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात गेले होते. दिवेलागणीला वीज गेली. ती तशी जायचीच होती, वेळापत्रकाप्रमाणे. मी बॅटरीला लाल कागद गुंडाळला, कारण लाल उजेडाने पाखरं बुजत नाहीत, आणि काचेची बरणी घेऊन एकटीच बागेत शिरले.

फार शोधावं लागलं नाही. तिसऱ्या-चौथ्या झाडावर दोन ठिणग्या दिसल्या. ते डोळे होते. एका फळावर वाळलेलं पान चिकटलंय असं वाटत होतं आणि त्या पानाची सोंड डाळिंबात रुतलेली होती. मी अलगद बरणी पुढे केली, झाकण लावलं, आणि मागून आवाज आला.

"कोन हाय रं तिकडं? हात वर कर!"

मी दोन्ही हात वर केले. एका हातात बॅटरी, एका हातात बरणी.

"बाई हाय! शालन, भाईर ये! आगं, बाई इंजेक्शन मारतीया!"

बाजारातून आलेले बबनराव घरात न जाता थेट काठी घेऊन दबा धरून बसले होते. शालन धावत आली. "अहो, ही मंदा! माझी मैत्रीण! सकाळी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"पावनी येनार म्हनलीस. पावनी बागंत असल, आसं कुटं म्हनली?" बबनरावांनी काठी पाठीमागे लपवली. "माफ करा ताई. च्या घेतला का?"

चहा घेताना मी बरणी मधोमध ठेवली. पाखरू मिटलेलं होतं तोवर कोणी त्याला मोजलंसुद्धा नसतं. त्याने पंख उघडले आणि बबनरावांची बशी हातातच राहिली. वरच्या सुकल्या पानाखाली गर्द हळदीच्या रंगाचे पंख होते, काळ्या काठाचे, आणि दोन्हींवर एकेक काळं ठसठशीत चिन्ह. या पाखरांत दोन जवळच्या जाती आहेत. एकीच्या पंखावर गोल टिकली असते, दुसरीच्या पंखावर चंद्रकोर. आमच्या बरणीतल्याने चंद्रकोर लावली होती. बाकीच्या पाखरांची सोंड फुलातला मध ओढण्यापुरती, मऊ. याच्या सोंडेचं टोक कडक आणि दातेरी असतं. डाळिंब, मोसंबी, पेरू, पिकायला आलेलं काहीही हा पठ्ठ्या गिरमिटासारखं पोखरतो आणि रस पिऊन पुढच्या फळाकडे जातो. मागे राहिलेल्या भोकातून कूज शिरते. चित्रात रंगवायला याच्याइतकं देखणं पाखरू नाही आणि बागायतदाराला याच्यासारखा वैरी नाही.

बबनरावांचा विश्वास बसेना. मग बरणीत डाळिंबाची फोड सालीसकट टाकली. जरा वेळाने पाखराने सोंड उलगडली, सालीवर टेकवली आणि डोकं हलवत आत घातली. आम्ही तिघं मेणबत्तीच्या उजेडात डोकी एकत्र करून बघत होतो.

"म्हंजे ह्योच," बबनराव पडल्या आवाजात म्हणाले. एवढं भांडण मनात तयार करून ठेवलं होतं, ते सगळं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तंबाखू मागायचं निमित्त काढून बांधापलीकडे गेले आणि जेवायच्या वेळेलाच परत आले.

खणांची पेटी

चोर सापडला, पण त्याचं घर कुठे, हा पुढचा प्रश्न. याची अळी डाळिंबाला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर. मी न्याहारीला हे सांगितलं तेव्हा शालनची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"गुळवेल?" ती म्हणाली. "हळू बोल."

बागेच्या कडेला कडुलिंबाचं झाड आहे आणि त्यावर गुळवेल चढवलेली. आम्ही दोघी तिथे गेलो. पानांची जाळी झालेली आणि देठांवर मखमली काळ्या अळ्या. अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके. डोकं आत दुमडून आणि शेपटीकडचा भाग वर उचलून बसतात, जेवायला बोलावलं नाही म्हणून रुसलेल्या पाहुण्यासारख्या. मी खूष होऊन वही काढली. शालन मात्र मटकन बांधावर बसली.

मग तिने सगळं सांगितलं. तिची मुलगी अश्विनी आणि आंबेगाव तालुक्यातला सागर नारायणगावच्या कॉलेजात एका वर्गात होते. दोघांनी आपलं आपण ठरवलेलं, आणि आता दोन्ही घरची मोठी माणसं हे स्थळ आपणच शोधल्यासारखं वागत होती. सागरची आई हौसाबाई. घरातलं पान तिच्या शब्दावाचून हलत नाही. आदल्या वर्षी चिकनगुनियाने गावंच्या गावं आडवी केली तेव्हा ती गुळवेलीचा काढा पाजत दारोदार हिंडली होती. बोलणी सुरू झाली तेव्हा तिने स्वतःच्या दारच्या वेलाची कांडी आणून या लिंबाखाली स्वतःच्या हाताने लावली.

"चार दिवसांनी सुपारी फुटायची आहे. ती झाली नाही तर लगेच पितृपंधरवडा, म्हणजे सगळं पुढे गेलं. आणि तिकडे सागरच्या मामाची मुलगी तयारच आहे," शालन म्हणाली. "मंदे, विहीणबाईंच्या वेलाने आमच्या बागेत चोर पोसले, हे तुझ्या तोंडून बाहेर पडलं तर बघ. पोरगी जीव लावून बसलीय."

मी शपथ घेतली. मला ओळखणाऱ्यांनी ती घेऊ दिली नसती.

वेल तोडायची तर सोय नव्हती. अळ्या वेचून टाकल्या, तिन्हीसांजेला बागेत धूर करायचं ठरलं आणि घराजवळच्या चांगल्या झाडांवरच्या फळांना पिशव्या घालायच्या. पण पातळ कापडातून ती सोंड आरपार जाते. जाड कापड हवं, आणि तेही आजच.

शालन जरा विचारात पडली. मग आत गेली आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढत आणली. झाकण उघडलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. आत नुसते खण. लग्नातले, बारशातले, वास्तुशांतीचे, हळदीकुंकवाचे. हिरवे, जांभळे, आमसुली, कोणाचाच ब्लाउज कधी न झालेले. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं, तिथे पेटीत विसावा घ्यायचा आणि पुढच्या ओटीत निघायचं, हा खणाचा जन्म. आमच्याकडेही तेच. माझ्या कपाटातला एक बदामी खण रत्नागिरीभर फिरून दोनदा माझ्याकडे परत आलेला आहे.

दुपारभर शालन मशीनवर बसली, मी कापत होते, अश्विनी नाड्या ओवत होती. ऊन कलायच्या आत पहिल्या रांगेतली झाडं नटून उभी राहिली. बबनराव कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "आता बांधावाला इचारल, बागंत कार्य हाय का म्हनून," ते म्हणाले, पण फळं त्या रात्री शाबूत राहिली आणि मग ते काही बोलले नाहीत.

आंबेगाव तालुक्यात

सुपारीचं आमंत्रण द्यायला जीपने निघालो तेव्हा शालनने मलाही नेलं. मला घरी एकटी सोडली तर मी बांधावाल्याला जाऊन अळ्या दाखवीन, अशी तिला भीती होती.

मंचर मागे टाकून घोडेगावच्या अंगाला लागलं की मुलूख बदलतो. उसाच्या जागी भाताची खाचरं दिसायला लागतात, डोंगर जवळ येतात, आणि मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटायला लागलं. हौसाबाईंचं घर रस्त्यालगतच होतं. बाई उंचनिंच, कपाळावर मोठी चंद्रकोर. ती बघून मला बरणीतलं पाखरू आठवलं आणि हसू दाबायला खोकावं लागलं.

"खोकला झालाय का बाईंला?" हौसाबाई म्हणाल्या. "थांबा. काढा देते."

पितळी पेलाभर काढा. कडू म्हणजे इतका कडू की कानाच्या पाळ्यांपर्यंत चव गेली. समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत त्यांनी लक्ष ठेवलं. मग जेवायला मासवडी आहे असं कळल्यावर माझ्या कोकणी जिवाला धीर आला. ताटात आली ती बेसनाची वळकटी, आत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण, बरोबर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासा औषधालाही नव्हता. पण खाल्ल्यावर मी दोन वेळा मागून घेतली आणि बांगड्याची आठवण संध्याकाळपर्यंत काढली नाही.

जेवणानंतर हौसाबाई मला मुद्दाम परसात घेऊन गेल्या. "तुमी किड्यांचं शिकल्याल्या ना? ह्ये बगा आमची गुळयेल."

वेल कसला, ज्यावर तो चढवला होता तो लिंबच दिसेनासा झाला होता. आणि पानोपानी आमच्या ओळखीच्या अळ्या, शेपट्या वर करून.

"मी फवारा मारत न्हाई," त्या अभिमानाने म्हणाल्या. "ज्या येलाला आळी लागती त्योच औशिदाला खरा. खाऊं द्या बिचाऱ्यांना. आपलं आसं काय जातंय?"

शालनने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वण मी रत्नागिरीपर्यंत नेला. मी म्हटलं, "छान आहेत." एवढं गिळणं मला काढ्यापेक्षा जड गेलं.

पुन्हा पिंपळवंडी

सुपारीच्या दिवशी पाहुणे सकाळीच आले. पुरुषमंडळी पुढच्या पडवीत बसली. आत पोह्यांची धांदल. अश्विनी हिरवी साडी नेसून उगाच भांडी इकडची तिकडे ठेवत होती. सागर पडवीतून कोणत्या तरी निमित्ताने दर थोड्या वेळाने पाणी मागत होता, आणि सगळे त्याची तहान न दिसल्यासारखं करत होते.

"ईनबाई, बाग दावा की," हौसाबाई म्हणाल्या. "मी लावल्याला येल कसा आलाय बगू."

शालनने आधी चहा, मग ऊन, मग चिखल पुढे केला. हौसाबाई तोवर मागच्या दाराने बाहेर पडल्याही होत्या. शालन, अश्विनी आणि मी त्यांच्या मागे.

बाग बघून त्या थबकल्या आणि खळखळून हसल्या. "आगं बया! डाळिंबाचं डोहाळजेवान हाय व्हय?" मग झाडाझाडाशी जाऊन पिशव्या चाचपायला लागल्या. "ह्यो इरकली. ह्यो नुस्ता रंग जानारा. कुनी दिला व्हता गं येवढा भिकार?" शालनसुद्धा हसायला लागली. मला वाटलं, निभावलं.

पाचव्या-सहाव्या झाडापाशी त्यांचा हात थांबला. मोरपंखी खण, बारीक रुईफुलाची नक्षी, लाल काठ.

"ह्यो आमचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी लाल काठावरून अंगठा फिरवला.

"पोरीला बगाया आलो तवा तिच्या वटीत घातल्याला. मंचरच्या दुकानात आर्दा दिस बसून मी निवडला व्हता." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "लेकीनं ब्लाउज शिवून सुपारीला घालावा म्हनून."

शालनचा चेहरा पांढरा पडला. अश्विनीने तो खण निगुतीने घडी घालून पेटीत ठेवला होता, आणि कापायच्या घाईत, हसण्याच्या नादात, तो इतर खणांबरोबर माझ्या कात्रीखाली गेला होता; उलट्या शिवलेल्या पिशव्यांत नाड्या ओवताना तिलाही तो ओळखू आला नव्हता. अश्विनी काही सांगायला गेली आणि पदराने डोळे टिपायला लागली. त्या मुलीचं मला फार वाईट वाटत होतं आणि ते सगळं एका पाखरापायी झालं होतं.

हौसाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि घराकडे वळल्या. घराकडे म्हणजे जीपकडे, हे आम्हा तिघींनाही कळलं.

मी शपथ मोडली. "हौसाबाई, जरा थांबा," मी म्हटलं. "तो खण मी कापलाय. आणि कशासाठी कापला ते ऐकून जा."

"मंदे!" शालन किंचाळली.

पण माझं तोंड एकदा उघडलं की झाकण सापडत नाही. मी सगळं सांगितलं. पाखरू, सोंड, कुजलेली फळं, आणि शेवटी लिंबाकडे बोट केलं. "ही चोरटी वाढतात त्या वेलावर. तुमच्या परसातल्या अळ्या बघितल्यात ना, त्याच. अळी पाला खाते आणि पंख फुटले की डाळिंबं फोडते. रानात, कुंपणांवर गुळवेल सगळीकडेच आहे, सगळा दोष तुमच्या वेलाचा नाही. पण तुम्ही इथे लावलेल्या वेलावर त्या सापडल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. शालनने मला बोलायची बंदी केली होती, तुमचं मन दुखू नये म्हणून. वेलाचं पानसुद्धा तोडू दिलं नाही तिने."

हौसाबाई लिंबापाशी गेल्या. पान उलटं करून बघितलं. आम्ही वेचूनही एक अळी राहिलीच होती, शेपटी वर करून बसलेली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग मोरपंखी पिशवीतल्या डाळिंबाकडे, मग माझ्याकडे.

"ह्येच्या मायला!" त्या म्हणाल्या. "म्हंजे चोरबी आमच्याच घरचा, आन् कुलूपबी आमच्याच घरचं?"

आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग पोट धरून. शालनला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. पडवीतून बबनराव आणि सागर काय झालं म्हणून धावत आले, तेव्हा दोन विहिणी एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या होत्या आणि मध्ये अश्विनी डोळे पुसत होती.

हौसाबाईंनी हात वर करून ते डाळिंब पिशवीसकट तोडलं. "ये गं पोरी, पदर पसर," त्या म्हणाल्या.

अश्विनीने वडील, होणारा नवरा, चिखल कशाचाही विचार न करता तिथेच पदर पुढे केला. मोरपंखी खणातलं डाळिंब त्यात पडलं.

"खन झाला, फळ झालं. ईनबाई, तांदूळ आन् नारळ तेवडा घरातनं आना."

शालन पळाली. मी जरा मागे उभी होते. हौसाबाई माझ्याकडे वळल्या आणि बोट रोखून म्हणाल्या, "आन् तुमी, मास्तरीनबाई, ध्यानात ठेवा. गुळयेल काय मी तोडनार न्हाई. औंदा सागर डाळिंबच लावतोय, आन् माजी खनांची पेटी गळ्यापतुर भरल्याली हाय."